वाढदिवसाच्या मंडपातील गुराखी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जळगाव किंवा धुळे शहरातील एखाद्या मंगल कार्यालयावरून संध्याकाळच्या वेळी गेले, तर हल्ली दाराशी एक निराळेच दृश्य दिसते. तपकिरी फुग्यांची कमान उभारलेली असते. कमानीच्या दोन्ही बाजूंना गवताच्या पेंढ्या रचलेल्या असतात. एक लाकडी चाक टेकवून ठेवलेले असते, शेजारी पुठ्ठ्याचा घोडा आणि पुठ्ठ्याचेच निवडुंग. आत एक वर्षाचे बाळ रुंद काठाची टोपी घालून, गळ्यात चौकडीचा रुमाल बांधून आईच्या कडेवर बसलेले असते. मागच्या भिंतीवर त्याच बाळाचे छायाचित्र असलेले भित्तिपत्रक लावतात आणि त्यावर 'वॉन्टेड' असा शब्द छापतात. या प्रकाराला 'वेस्टर्न थीम' म्हणतात. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यात कडब्याचा भाव ऐकून शेतकऱ्याचा जीव घाबरा होतो, तेथे गवत शोभेसाठी भाड्याने आणले जाते. उत्सवमूर्ती बहुधा रडत असते किंवा झोपी गेलेली असते.

हे पाहून उपहास करणे सोपे आहे. मध्यमवर्गाचा चंगळवाद, पाश्चात्त्यांचे अंधानुकरण, असे चार शब्द उच्चारले की कार्यकर्त्याला आपले कर्तव्य संपले असे वाटते. पण उपहासाने कोणत्याही सामाजिक घटनेचा अर्थ उलगडत नाही. तेव्हा प्रथम या आनंदाची जी न्याय्य बाजू आहे ती मान्य करून पुढे जाणे योग्य होईल.

मूल एक वर्षाचे झाले ही घटना मुळात क्षुल्लक नाही. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हती. म्हणजे जवळजवळ आठातले एक मूल वर्षाच्या आत दगावत होते. २०२० साली हे प्रमाण हजारी २८ वर आले. आपल्या आजीला किती मुले झाली आणि त्यांतली किती वाचली, हा हिशेब ज्या घरांत अजून सांगितला जातो, त्या घरांत पहिल्या वाढदिवसाचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे. त्यातही ते बाळ मुलगी असेल तर गोष्ट अधिकच मोलाची ठरते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली आढळल्या. २००१ साली त्या ८८० होत्या. ज्या जिल्ह्यात मुलीचा जन्मच टाळला जातो, तेथे एखादा बाप मुलीला कडेवर घेऊन चारचौघांत केक कापत असेल, तर त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

जुने सारे चांगले होते अशी कल्पना करून घेण्याचेही कारण नाही. पाचवी, बारसे, उष्टावण, संक्रांतीचे बोरन्हाण, सप्तशृंगीला किंवा धुळ्याच्या एकवीरेला जाऊन काढलेले जावळ, हे संस्कार खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यांतल्या कित्येकांत माया होती, शेजारपाजारच्या बायकांचा हातभार होता, घरची बोरे आणि चुरमुरे होते. पण नवसाच्या जेवणावळींनी कर्जात बुडालेली घरेही होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी शेतकऱ्याच्या घरी मूल जन्माला येण्यापूर्वीपासून ते तो मरून गेल्यानंतरपर्यंत, एकेका विधीच्या निमित्ताने त्याची मिळकत कशी काढून घेतली जाते याची सविस्तर मोजदाद केली आहे. ही मोजदाद धर्मचर्चेपुरती नाही, ते अर्थशास्त्र आहे. माणसाच्या आयुष्यातील हळव्या क्षणी मध्ये कोण उभा राहतो आणि तेथे उभे राहण्याचे किती घेतो, हा जोतीरावांचा प्रश्न होता.

तोच प्रश्न आज विचारला पाहिजे. हळवा क्षण तोच आहे. मध्ये उभा राहणारा बदलला आहे. पूर्वी मुहूर्त आणि दक्षिणा ठरवणारा भटजी असे, आता 'थीम' आणि 'पॅकेज' ठरवणारा इव्हेंटवाला असतो. दक्षिणा देण्याची ऐपत नसलेल्या यजमानाला पूर्वी पापाची भीती घातली जाई. आता त्याला लोक काय म्हणतील याची भीती घातली जाते. उलट दक्षिणेत घासाघीस करण्याची थोडी सोय होती, पॅकेजमध्ये तीही नाही.

आता या 'थीम'कडेच पाहू. बाळाच्या डोक्यावरची ती टोपी कोणाची? काउबॉयची. आणि काउबॉय म्हणजे कोण? हिंडत्या घोड्यावरचा, कोणाचाही बांधील नसलेला, पिस्तूलधारी वीर, असे चित्र सिनेमाने आपल्या मनावर ठसवले आहे. मराठीत त्या शब्दाचा सरळ अर्थ गुराखी असा होतो, आणि तो गुराखीच होता. पगारावर दुसऱ्याची गुरे राखणारा मजूर.

या मजुराचा आणि खानदेशचा एक जुना संबंधही आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. गुलामांच्या श्रमावर पिकणारा दक्षिणेकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि येथला भाव कोसळला. तेजीत काढलेली कर्जे मात्र शेतकऱ्याच्या मानेवर राहिली. तिकडे टेक्सासमध्ये युद्धकाळात लाखो गुरे मोकाट वाढली होती. त्यांना हाकत शेकडो मैल उत्तरेकडे, कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत नेण्याचे काम सुरू झाले, कारण पूर्वेकडच्या शहरांत मांसाला गिऱ्हाईक होते. हे काम करणारे कोण होते? युद्धातून परतलेले कंगाल तरुण, नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे लोक आणि मेक्सिकन. या धंद्याचे सारे कौशल्य मेक्सिकन गुराख्यांचे. 'रँच', 'रोडिओ', 'लॅसो' हे शब्ददेखील मूळचे स्पॅनिश. दर चार काउबॉयांमागे एक काळा होता असा अंदाज इतिहासकार सांगतात. सिनेमाच्या पडद्यावर तो काळा गुराखी क्वचितच दिसला.

त्यांना महिन्याला साधारण पंचवीस ते चाळीस डॉलर मिळत. उन्हातान्हात, नदीच्या पुरात, रात्रीच्या पहाऱ्यात महिनोन्‌महिने काढायचे आणि हंगाम संपला की हाती काम नाही. पुढे या कुरणांवर पूर्वेकडच्या शहरांतील आणि ब्रिटनमधील भांडवलदारांच्या कंपन्या आल्या. काटेरी तारेचे पेटंट १८७४ साली निघाले आणि खुल्या कुरणांना कुंपणे पडत गेली. गुराख्याने स्वतःची चार गुरे बाळगण्याची जी जुनी मुभा होती, तीही कंपन्यांनी काढून घेण्यास सुरुवात केली. अखेर १८८३ च्या वसंतात उत्तर टेक्सासमधील काही मोठ्या रँचवरच्या काउबॉयांनी संप केला. महिना पन्नास डॉलर पगार ही त्यांची मुख्य मागणी होती. मालकांनी संपकऱ्यांना कामावरून काढले, दुसरे गडी आणले, आणि काही महिन्यांत संप मोडला. संघटना नाही, आणि बदली कामगार हवे तेवढे. गिरणी कामगारांचा इतिहास जाणणाऱ्यांना ही कथा नव्याने सांगण्याची गरज नाही.

त्याच १८८३ साली, त्याच अमेरिकेत, नेब्रास्कातील ओमाहा या गावी विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिल याने आपला 'वाइल्ड वेस्ट' नावाचा खेळ सुरू केला. घोडेस्वारी, नेमबाजी, आदिवासींचे खोटे हल्ले आणि त्यांतून गोऱ्यांची सुटका. १८८७ साली हा खेळ लंडनला गेला आणि व्हिक्टोरिया राणीनेही तो पाहिला. ज्यांची भूमी हिरावून घेतली त्या आदिवासींच्या सिटिंग बुल या नेत्यालादेखील १८८५ साली या खेळाबरोबर गावोगाव फिरवण्यात आले. म्हणजे ज्या वर्षी खरा गुराखी पगार मागताना हरला, त्याच वर्षी खोटा गुराखी तिकीट लावून उभा राहिला. पुढे हाच खोटा गुराखी सिनेमात गेला, सिगारेटच्या जाहिरातीत गेला आणि आता फुग्यांच्या कमानीखाली आला आहे.

वस्तूच्या मागे माणसाचे श्रम असतात आणि बाजारात ते श्रम झाकले जातात, हे कार्यकर्त्यांना अभ्यासवर्गात शिकवले जाते. येथे तर श्रमिकाचीच वस्तू झाली आहे! त्याची टोपी विकली जाते, त्याचा रुमाल विकला जातो. त्याचा पगार, त्याचा संप, त्याचा काळा रंग मात्र पुसून टाकलेला असतो.

आणि खानदेशचा स्वतःचा गुराखी कोठे आहे? तो साक्रीच्या माळावर मेंढरे घेऊन चालणारा ठेलारी आहे. तो यावल-चोपड्याच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवर गुरे वळणारा, शाळेच्या पटावर नाव असलेला आणि वर्गात नसलेला मुलगा आहे. तो सालदार आहे. काउबॉय महिन्याच्या बोलीने राबे, सालदार वर्षाच्या बोलीने राबतो; आखाजीला त्याचे साल ठरते आणि पुढच्या आखाजीला संपते. पोळ्याला त्याच्या हातच्या बैलांना झूल चढते, त्याला नवे धोतर-बंडी मिळते, आणि वर्षातून एक दिवस तरी गुरे राखणाऱ्याचा मान होतो. पण साल ठरताना तो 'उचल' घेतो. ही उचल बहुधा कशासाठी असते? लग्नासाठी, दुखण्यासाठी, जावळासाठी. एका दिवसाच्या समारंभासाठी वर्षभराचे श्रम आधीच विकले जातात. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी उचलीची दोरी अजून तुटलेली नाही. धुळे-नंदुरबारकडचे जे आदिवासी ऊस तोडायला बारडोलीकडे जातात, तेही उचल घेऊनच जातात.

मंडपातील त्या 'वॉन्टेड' भित्तिपत्रकाबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. बाळाला लाडाने फरारी गुन्हेगार ठरवण्याचा हा विनोद निरागस आहे यात शंका नाही. पण याच देशात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता आणि १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पसरली. पारध्यांसारख्या जमातींचे मूल जन्माला येई तेच गुन्हेगार म्हणून. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. संशय रद्द झाला नाही. आजही चोरी झाली की पोलीस प्रथम कोणत्या वस्तीवर जातात, हे खानदेशातील प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. एका घरात जो शब्द गंमत म्हणून भिंतीवर लावला जातो, तोच दुसऱ्या घराच्या कपाळावर कायद्याने लिहिला गेला होता.

आता खर्चाचा विचार करू. थॉर्स्टाइन व्हेब्लेन हा अर्थशास्त्रज्ञ नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. १८९९ साली त्याने आपल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. श्रीमंत माणूस वस्तूच्या उपयोगासाठी खर्च करतोच, शिवाय आपण खर्च करू शकतो हे दाखवण्यासाठीही करतो. आणि कित्येकदा हा खर्च तो स्वतःवर न करता बायको, मुले, नोकर यांच्यावर करून आपली प्रतिष्ठा मिरवतो. एक वर्षाच्या बाळाला ना टोपीची हौस, ना घोड्याची समज. तो उपभोग बाळाच्या अंगावर दिसतो, पण असतो बापाच्या नावाचा.

श्रीमंताने उधळावे आणि आपण दुर्लक्ष करावे, इतकी ही गोष्ट सोपी असती तर या भाषणाचे कारण नव्हते. अडचण अशी की हा खर्च खाली झिरपतो. तमाशाच्या तंबूत पुढच्या रांगेतला उभा राहिला की मागच्याला उभे राहावे लागते, त्याच्या मागच्याला तर खुर्चीवर चढावे लागते. दिसते मात्र सर्वांना पूर्वीइतकेच, आणि पाय सर्वांचेच दुखतात. डॉक्टराने सभागृह घेतले की शिक्षक लॉन घेतो, शिक्षकाने लॉन घेतले की कारखान्यातला कंत्राटी कामगार गल्लीत मंडप टाकतो आणि फुग्यांची कमान मागवतो. एक उदाहरण घेऊ. समजा अशा कामगाराने किंवा शेतमजुराने साऱ्या समारंभावर ३१,२०० रुपये खर्च केले. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे हा खर्च नेमका शंभर दिवसांच्या मजुरीइतका झाला. आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने एका कुटुंबाला वर्षभरात हमी दिली होती तीही शंभरच दिवसांची. वर्षाची सारी हमी एका संध्याकाळी संपली! हा पैसा येतो कोठून? बायकोच्या बचत गटाच्या कर्जातून, पोत गहाण ठेवून, किंवा भ्रमणध्वनीवर मिळणाऱ्या हप्त्याच्या कर्जातून. सालदाराची उचल तेवढी नव्या नावाने परत आली आहे.

या खर्चाला आदर्श कोणी घालून दिला हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चौकाचौकांत पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे अवाढव्य फलक लागतात, क्रेनने हार घातले जातात, तलवारीने केक कापले जातात. वाढदिवस म्हणजे सामर्थ्याचे प्रदर्शन, हा धडा राजकारणाने समाजाला दिला आहे. पुरोगामी म्हणवणारेही या पापातून सर्वस्वी मुक्त नाहीत. स्वतःच्या घरी मंडप घालून दुसऱ्याच्या मंडपावर लेख लिहिणारा कार्यकर्ता लोकांच्या ध्यानात येतो.

येथे एक आक्षेप निघेल. हे सारे परदेशी म्हणून त्याज्य आहे काय? मुळीच नाही. खानदेशच्या शेवभाजीत जी मिरची पडते ती अमेरिकेतूनच आली, भुईमूगही तिकडचाच. अमळनेरला ज्यांनी मुलांना शिकवले त्या साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. जगातले चांगले ते आपले, ही त्यांची शिकवण होती. हरकत परकेपणाला नाही. हरकत आहे ती अर्धवट घेण्याला. अमेरिकेचा गुराखी घ्यायचा तर त्याचा संपही घ्यावा. त्याची टोपी घेऊन त्याचे दुःख मागे ठेवू नये.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? बहिष्कार, निषेध, पत्रके यांचा येथे उपयोग नाही. मुलाच्या वाढदिवसाच्या दारात काळे झेंडे घेऊन कोणी उभे राहत नाही. मार्ग घरापासूनच निघेल. गल्लीत किंवा पाड्यावर एका महिन्यात जेवढ्या बालकांचे वर्ष पुरे होते, त्या सर्वांचा एकच समारंभ करावा. वर्गणी सर्वांची सारखी, जेवण वरण-बट्टीचे, रांधणारे हात गल्लीतले. आहेर घेऊ नये, म्हणजे आहेराची वहीही राहणार नाही आणि फेडीची चिंताही राहणार नाही. मुलींची नावे आधी पुकारावी. ज्याला आपल्या बाळाला टोपी घालायची आहे त्याने खुशाल घालावी. तेथे जमलेल्या मोठ्या मुलांना १८८३ च्या त्या दोन गुराख्यांची गोष्ट मात्र सांगावी.

आणि त्या समारंभात मानाची जागा कोणाला द्यावी? मूल एक वर्षाचे होते ते आपोआप होत नाही. जन्मल्याबरोबर लस, मग सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला, मग नवव्या महिन्याला गोवर-रुबेलाची. ही तारीख विसरलेल्या आईच्या दारात जी येऊन उभी राहते ती आशा ताई. वजनकाटा घेऊन बसते ती अंगणवाडी सेविका. १९७५ साली अंगणवाडी योजना सुरू झाली, २००५ साली आशांची नेमणूक होऊ लागली. हजारी १२९ चा आकडा २८ वर आणण्यात या बायकांच्या पायपिटीचा वाटा फार मोठा आहे. सरकार त्यांना पगार देत नाही, मानधन देते. कामगार म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणते. जिच्यामुळे बाळ वर्षाचे झाले, तिला बाळाच्या वाढदिवसाचे आमंत्रण नसते. तिला बोलवावे, पहिले ताट तिला वाढावे, आणि तिच्या वेतनाच्या मागणीच्या निवेदनावर त्याच मांडवात जमलेल्या आईबापांच्या सह्या घ्याव्यात. असा एक समारंभ दहा व्याख्यानांचे काम करील.

शेवटी पुन्हा त्या मंगल कार्यालयात जाऊ. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. पाहुणे निघून गेलेले, फुगे फुटू लागलेले. बाळ आजीच्या खांद्यावर गाढ झोपलेले. केटररने रोजावर आणलेला तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा उष्टी ताटे गोळा करीत असतो. थीमला शोभावे म्हणून त्याच्याही डोक्यावर ती रुंद काठाची टोपी चढवलेली असते. कदाचित तो सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरचा असेल, आणि गेल्या वर्षापर्यंत खरोखरच गुरे राखत असेल. साऱ्या मंडपात गुराखी तो एकटाच, आणि छायाचित्र घेताना त्यालाच बाजूला व्हायला सांगितलेले असते.

त्या मुलाचा पहिला वाढदिवस कोणी केला होता काय, हे त्याला विचारावे. त्याच्या उत्तरापासून आपले काम सुरू होते.